अमेरिकेत पोलिसांच्या बेनिफिट्सचं बिल कसं ट्रॅक करायचं
तुम्ही किंवा घरातलं कोणी तिकडे पोलिसात असेल तर बिलाच्या नावापेक्षा नंबर धरून ठेवा, एच.आर. म्हणजे हाउसचं, एस. म्हणजे सिनेटचं (ही काँग्रेसची, म्हणजे तिथल्या संसदेची दोन सभागृहं). काँग्रेस डॉट गव्ह (congress.gov) या साइटवर अकाउंट काढून त्या नंबरला अलर्ट लावा, फुकट आहे. मग बघायचं कमिटीत अडकलंय का, कारण बहुतेक बिलं तिथेच मरतात आणि काँग्रेसची दोन वर्षांची मुदत संपली की उरलेली सगळी बाद, परत नव्याने मांडावी लागतात. को-स्पॉन्सर, म्हणजे बिलाला नाव जोडून पाठिंबा देणारे सदस्य, वाढतायत का तेही बघत राहा. उदाहरणार्थ, नोकरीच्या पेन्शनमुळे सोशल सिक्युरिटीत (निवृत्तीनंतर मिळणाऱ्या सरकारी पैशात) होणारी कपात काढून टाकणारं एच.आर. 82 शेवटी 5 जानेवारी 2025 ला सही होऊन कायदा झालं, पण लागू मात्र जानेवारी 2024 पासूनच्या बेनिफिट्सना, म्हणून लागू व्हायची तारीख बिलातच वाचा, नुसत्या बातमीवर राहू नका.