यहुदी धर्मशास्त्रानुसार सत्याला मुरड कधी आणि कशी घालावी

तोरेतील, म्हणजे यहुद्यांच्या मूळ धर्मग्रंथातील, निर्गम या पुस्तकाच्या 23व्या अध्यायात ‘असत्यापासून दूर राहा’ अशी आज्ञा आहे. नुसते ‘खोटे बोलू नका’ एवढ्यावर ती थांबत नाही. तरीही ताल्मुदाच्या, म्हणजे धर्मनियमांवरील जुन्या चर्चांच्या संग्रहाच्या, यवामोत या प्रकरणात ‘शालोम’साठी, म्हणजे माणसामाणसांतील सलोख्यासाठी, बोलण्यात बदल करण्याची मुभा दिलेली आहे. ही मुभा बरीच अरुंद असल्यामुळे पुढील क्रमाने विचार करावा.

प्रथम प्रसंग कोणता आहे ते पाहावे. न्यायालयातील साक्ष, देणे-घेणे आणि व्यापार यांत सवलत नाही. इतकेच नव्हे, तर शब्दही खोटा न बोलता समोरच्याचा गैरसमज करून देणे हीदेखील ‘मनाची चोरी’ ठरते. दारूचे पिंप विक्रीसाठी उघडायचेच होते, पण ते पाहुण्यासाठीच उघडले असे भासवून त्याला मिंधे करणे हे ताल्मुदातले उदाहरण आहे. पाहुणा थांबणार नाही हे ठाऊक असताना त्याला जेवणाचा वारंवार आग्रह करणेही त्याच यादीत येते. (आपल्याकडच्या ‘आता जेवूनच जा’चे काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.)

त्यानंतर खोटे न बोलता निभावते का, ते तपासावे. ‘तो माझ्याबद्दल काय म्हणाला?’ असे कोणी विचारले, तर सरळ असत्य टाळून, खरे पण मोघम उत्तर शोधावे, असे 1873 साली प्रसिद्ध झालेला ‘हाफेत्स हाईम’ हा निंदा-चहाडीविषयीच्या नियमांचा ग्रंथ सांगतो. तसे उत्तर सापडत नसेल, तर भांडण टाळण्यासाठी असत्य चालते, मात्र खोटी शपथ कदापि नाही. ‘नरो वा कुंजरो वा’ची आठवण इथे होणारच, पण ते उत्तर द्रोणाचार्यांना शस्त्र खाली ठेवायला लावण्यासाठी होते, आणि इथे हेतू नेमका उलटा आहे.

बदल करावाच लागला, तर तो कमीत कमी करावा. तोरेतीलच उत्पत्ती या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात, आपल्याला मूल होणार हे ऐकून सारा मनाशी हसते. आपण जीर्ण झालो आणि नवराही म्हातारा, असे ती म्हणते. देव हे तिच्या नवऱ्याला, अब्राहामाला सांगताना फक्त तिच्या म्हातारपणाचा उल्लेख करतो. भर काहीच घातली नाही, बोचणारे तेवढे गाळले.

एखादी गोष्ट होऊन गेली असेल, तर कौतुकाला मोकळीक अधिक असते. नववधूचे वर्णन कसे करावे यावर शम्माय आणि हिल्लेल या दोन प्राचीन धर्मगुरूंच्या अनुयायांत मतभेद होता. शम्मायचे अनुयायी म्हणत, ‘जशी आहे तशी’. हिल्लेलचे अनुयायी म्हणत, प्रत्येक वधू सुंदर आणि लोभस. बाजारातून कोणी वाईट वस्तू घेऊन आला, तर त्याच्यासमोर तिला नावे ठेवावीत का, हा त्यांचा प्रतिप्रश्न होता. अर्थात मैत्रिणीने साडी खरेदी करण्यापूर्वी मत विचारले, तर खरेच सांगावे, कारण आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नये ही आज्ञा चुकीच्या सल्ल्यालाही लागू केली जाते.

नम्रतेपोटी आपले ज्ञान लपवता येते. यजमान फार उदार असेल, तर त्याची स्तुतीही आखडती घेता येते, नाहीतर सगळे त्याच्याच दारी लोटतील.

मुलांच्या बाबतीत मात्र विशेष काळजी घ्यावी. रव या विद्वानाची पत्नी त्याने मसूर मागितल्यास हरभरे शिजवी आणि हरभरे मागितल्यास मसूर. मुलगा हिय्या मोठा झाल्यावर निरोप उलटा करून सांगू लागला आणि बापाच्या ताटात हवे ते पडू लागले. ‘तुझी आई सुधारली,’ असे रव म्हणाला, तेव्हा मुलाने खरा प्रकार सांगितला. युक्ती शहाणपणाची आहे हे मान्य करूनही रवने त्याला असे करू नकोस म्हटले, आणि जिभेला खोटे बोलायला शिकवणाऱ्यांविषयीचे यिर्मया या संदेष्ट्याचे वचन ऐकवले. मुलाला काही देण्याचे कबूल करून ते न देणेही याच कारणासाठी वर्ज्य आहे. म्हणून रडे थांबवण्यासाठी खाऊ कबूल केला असेल, तर तो आणून द्यावा.