हिमाचलला निघताय? कपड्यांच्या आणि बुटांच्या या चुका टाळा

गोव्यात जानेवारीच्या पहाटेही पारा २० अंशांच्या आसपासच रेंगाळतो. त्यामुळे इथून बॅग भरताना सगळं लक्ष थंडीकडे जातं, पण उत्तरेत त्रास होतो तो हवा पटापट बदलते म्हणून. मे महिन्यात मडगावहून निघालात तर दिल्लीत ४० अंशांवर ऊन, २,०५० मीटरवरच्या मनालीत संध्याकाळी स्वेटर आणि ३,९७८ मीटरवरच्या रोहतांग खिंडीत बर्फ. दर हजार मीटर चढाईला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनालीत २० अंश असताना रोहतांगला ८ च्या आसपास असणार, शिवाय वारा वेगळाच.

एकच जाडजूड जॅकेट

ते घातलं की घाम, काढलं की हुडहुडी. त्याऐवजी थर हवेत: अंगाला लागून थर्मल, वर फ्लीस (मऊ, लवदार कृत्रिम कापडाचं जॅकेट), त्यावर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. थर्मल अंगासरशी बसणारं घ्या, ढगळ असेल तर ऊब टिकत नाही. आत सुती बनियन घालू नका, ते घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गार पडतं. जीन्सचंही तेच. एकदा भिजली की हॉटेलच्या खोलीत दोन दिवस वाळत नाही.

सात दिवसांना थर्मलचे दोन जोड, एक फ्लीस, एक हलकं पफर (आत भरण घातलेलं फुगीर) जॅकेट, लवकर वाळणाऱ्या दोन पँट आणि मोज्यांचे पाच जोड (त्यातले दोन लोकरीचे) पुरतात. पफर घेताना आत पिसं आहेत की कृत्रिम भरण ते पाहा. पिसं ओली झाली की गोळा होतात आणि ऊब जाते. पावसाचा भरवसा नसेल तर कृत्रिम भरणच बरं.

आपला पावसाळी पीव्हीसी रेनकोट स्कूटरवर ठीक, पण चढावर घामाची वाफ आतच अडकते आणि पाऊस नसतानाही माणूस ओला होतो.

कपाटातले जुने बूट

सर्वांत जास्त फजिती इथेच होते. आपल्या दमट हवेत बुटांच्या पॉलियुरेथेन सोलचा फेस (फोम) न वापरताही आतून कुजतो. वरून बूट नवाकोरा दिसतो आणि दुसऱ्या दिवशी चढावर सोल सुटून हातात येतो. निघण्याआधी तीन आठवडे बूट काढा, सोल वाकवून पाहा, कडेला नखाने दाबा. चिरा, भुसा किंवा चिकटपणा दिसला तर तो बूट गेला. चिकटवून उपयोग नाही, कारण गेलेला असतो तो फेस, गोंद नव्हे.

नवे बूट संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालूनच मापून घ्या. पुढे बोटभर जागा हवी. मग रोज तासभर घालून फिरा, म्हणजे फोड प्रवासात न येता घरीच कळतील. थंडीसाठी घट्ट बुटात दोन मोजे कोंबणं तर उलटंच: रक्तप्रवाह दबतो, बोटं बधिर होतात. तसं झालं तर एक जोड लगेच काढा.

जाळीच्या स्पोर्ट्स शूजमध्ये बर्फ वितळून पाणी शिरतं. भिजलेल्या बुटातलं इनसोल (आतला सुटा तळ) काढा, आत वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि ते दर दोन तासांनी बदला. हीटरवर ठेवू नका, गोंद सुटतो आणि चामडं कडक होतं.

लोकरी कपडे आणि सामान

कपाटातल्या स्वेटर-मफलरला बुरशीचा वास असेल तर दोन दिवस कडक ऊन दाखवा. डिसेंबरच्या रेल्वेप्रवासात जॅकेट सीटखालच्या कुलूपबंद बॅगेत राहतं आणि मध्यरात्री स्लीपर डब्यात कुडकुडावं लागतं, म्हणून जॅकेट, कानटोपी, मोजे हातातल्या पिशवीत ठेवा. विमानाने जाणाऱ्यांनी जड बूट पायात घालूनच निघावं.

मनालीत बर्फासाठी कोट आणि गमबूट भाड्याने मिळतात, ते विकत घेऊ नका. गमबुटांत मोजे मात्र स्वतःचे लोकरीचे घाला. पैसे देण्याआधी कोटाची चेन वरखाली करून पाहा, गमबुटात हात घालून आत ओल नाही ना ते तपासा. घाट चढायला लागल्यावर दुकानात परतून बदलायला वेळ मिळत नाही.