काठमांडूला उतरल्यावर सिम घेताना

पशुपतिनाथ, पोखरा, मुक्तिनाथ या यात्रेला मी नाशिकहून दरवर्षी ओळखीतल्या मंडळींना घेऊन जाते. बहुतेकजण साठीच्या पुढचे. निघण्याआधी हमखास विचारतात, "तिकडे फोन लागेल ना गं?" लागतो. फक्त सिम घेताना स्वस्त कुठलं हे बघत बसू नका. आपला मुक्काम कुठे-कुठे आहे ते बघा आणि त्यावरून कंपनी ठरवा.

नेपाळमध्ये आता दोनच कंपन्या उरल्यात. एक सरकारी नेपाळ टेलिकॉम, जिला तिथे सगळे एनटीसी म्हणतात, आणि दुसरी खासगी एनसेल. तिसरी स्मार्ट होती, पण २०२३ मध्ये तिचा परवाना रद्द झाला. काठमांडू, पोखरा, चितवन एवढंच करणार असाल तर दोन्हींपैकी कुठलंही घ्या. पोखऱ्याच्या पुढे बेनी, तातोपानी करत कालीगंडकीच्या काठाने जोमसोमला आणि तिथून मुक्तिनाथला जायचं असेल तर मात्र एनटीसीच घ्या. त्या खोऱ्यात माझा भरवसा तिच्यावर आहे. एव्हरेस्टच्या बाजूला लुक्ला-नामचेपर्यंत एनसेलही बरं चालतं. त्याच्या वर लॉजमध्ये विकत मिळणाऱ्या वायफाय कार्डांचाही आधार धरा.

नवरा-बायको जोडीने असतील तर मी एकाला एनटीसी आणि दुसऱ्याला एनसेल घ्यायला लावते. एकाची रेंज गेली की दुसऱ्याच्या फोनवर हॉटस्पॉट लावायचा. दोघांनी एकाच कंपनीची सिमं घेतली तर दोघांचेही फोन एकाच वळणावर बंद पडतात. आठ-दहा जणांच्या ग्रुपमध्ये प्रत्येकाला सिम लागतच नाही, तीन-चार पुरतात. पण ती सगळी एकाच कंपनीची नकोत.

घरी करायची कामं आधी उरकून घ्या. फोनचा सिम ट्रे पिनने उघडून बघा. पुष्कळ फोनमध्ये दुसऱ्या सिमच्याच जागी मेमरी कार्ड बसतं. म्हणजे नेपाळचं सिम घालायचं तर मेमरी कार्ड काढावं लागणार, आणि नातवंडांचे सगळे फोटो त्यावर असतात. काउंटरवर घाईघाईत ते कार्ड काढलं की कुठेतरी पडून जातं. त्यामुळे फोटो घरीच उतरवून घ्या आणि कार्ड घरीच ठेवा. ट्रेमध्ये एकाच सिमची जागा असेल तर फोन ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्येच चालू होणारं सिम) घेतो का ते सेटिंगमध्ये बघून ठेवा. दोन्ही कंपन्या ई-सिम देतात.

आपलं भारतातलं सिम फोनमधून काढू नका, त्याची जागाही बदलू नका. बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात आणि यूपीआयचं ॲपही त्याच सिमला बांधलेलं असतं. सिम काढलं की ॲप पुन्हा नोंदणी मागतं आणि परदेशात बसून ती करणं जिकिरीचं होतं. म्हणून निघण्याआधी आपल्या कंपनीच्या ॲपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या, म्हणजे मेसेज येत राहतील. यूपीआय ॲपमध्येही परदेशातल्या पेमेंटची सोय चालू करून ठेवा. मार्च २०२४ पासून नेपाळमधल्या फोनपे कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. (ही फोनपे नेपाळची, नावावरून आपली समजू नका.)

कागदपत्रांत पासपोर्ट, त्याची झेरॉक्स आणि पासपोर्ट साइजचे दोन फोटो हाताशी ठेवा. १५ ते ६५ वयाच्या भारतीयांना विमानाने नेपाळला जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, त्यांचं आधार चालत नाही. पासष्टीच्या पुढचे आधार दाखवून येऊ शकतात, पण सिम घ्यायला मी ग्रुपमधल्या पासपोर्टवाल्यालाच पुढे करते. त्यात वादाला जागा राहत नाही.

त्रिभुवन विमानतळावरून बाहेर पडतानाच सिमचे काउंटर लागतात. रांग असली तरी तिथेच थांबा. काठमांडूच्या ठमेल भागात किंवा पोखऱ्याच्या लेकसाइडला दुकानं आहेत, पण शनिवारी नेपाळमध्ये आठवड्याची सुट्टी असते. आणि आपण दिवाळीच्या सुट्टीत जातो तेव्हा तिकडे तिहार चालू असतो, दसऱ्याला गेलो तर दशैं. त्या दिवसांत कार्यालयं बंद असतात.

फॉर्मवर वडिलांबरोबर आजोबांचंही नाव विचारतात. आमच्या एका काकूंनी सासऱ्यांचं लिहू की वडिलांच्या वडिलांचं, असं विचारलं होतं. मी सांगितलं, पासपोर्टवर वडिलांचं जे नाव आहे त्यांच्या वडिलांचं लिहा. अंगठ्याचा ठसाही घेतात, तर शाई पुसायला रुमाल असू द्या. तारखेपुढे वि. सं. छापलेलं असेल तर ती विक्रम संवताची जागा आहे. तिथे मनाने काही लिहू नका, काउंटरवरच्या माणसाला भरायला सांगा.

पैशांचं बोलणं झालं की "आयसी की एनसी?" असं स्पष्ट विचारा. आयसी म्हणजे आपले रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. भारतीय १०० रुपयांचे १६० नेपाळी होतात, हा दर ठरलेला आहे. पॅक किती दिवसांचा, डेटा रोजचा की एकूण आणि किंमत कर धरून आहे का, हेही तिथेच विचारून घ्या. नुसता व्हॅटच १३ टक्के आहे.

डेटा सुरू झालेला डोळ्यांनी बघितल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. आधी सेटिंगमध्ये जाऊन मोबाइल डेटासाठी नेपाळचं सिम निवडा, भारतीय सिमचं डेटा रोमिंग बंद करा, आणि आपोआप डेटा बदलण्याची सोय असेल तर तीही बंद करा. ही शेवटची सोय बऱ्याचजणांना माहीतच नसते. रेंज गेली की फोन गुपचूप भारतीय सिमवर जातो. मग वायफाय बंद करा आणि घरी व्हॉट्सॲपवर फोन लावा. व्हॉट्सॲपने नंबर बदलायचा का विचारलं तर नाही म्हणा. भारतीय नंबरवर आलेला फोन उचलू नका, रोमिंगमध्ये त्याचे पैसे लागतात. घरच्यांना व्हॉट्सॲपवरच फोन करायला सांगून ठेवा.

आपला नवा नंबर बघायला एनटीसीवर *९# आणि एनसेलवर *१०३# लावा. शिल्लक बघायला एनटीसीवर *४००#, एनसेलवर *१०१#. वाटेतल्या किराणा दुकानातही रिचार्ज कार्ड मिळतं. ते खरवडून एनटीसीवर *४१२* आणि एनसेलवर *१०२* लावायचं, त्यापुढे कार्डावरचे आकडे आणि शेवटी #. मोठा रिचार्ज पोखऱ्यातच करून घ्या, कारण वर गेल्यावर हवी ती कार्डं मिळतीलच असं नाही.

मुक्तिनाथला १०८ धारांखालून जाताना सगळ्यांचे फोन एका माणसाकडे द्या, आणि तो माणूस स्नान न करणारा असू दे. तिथल्या थंडीत बॅटरीही भराभर उतरते, तेव्हा फोन स्वेटरच्या आतल्या खिशात ठेवा.

मी प्रत्येकाच्या पाकिटात एक चिठ्ठी देते. तिच्यावर ग्रुपमधले नेपाळी नंबर, हॉटेलचा नंबर, पोलीस १००, ॲम्ब्युलन्स १०२ आणि पर्यटक पोलीस ११४४. चिठ्ठी पेनाने, मोठ्या अक्षरात लिहा, चष्मा नसतानाही वाचता येईल अशी.