कमांड लाइनवरून फाइल पाठवायची, तीही झाकून

आमच्याकडचे सर्व्हर मी सांभाळते. त्यामुळे "एवढी फाइल त्यांना पाठव ना, फक्त कुणाला दिसू देऊ नकोस" हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी कानावर येतं. कधी डेटाबेसचा डंप (सगळ्या नोंदींची एकगठ्ठा प्रत), कधी पगाराचा तक्ता, कधी नुसती चार ओळींची पासवर्डची फाइल. पलीकडचा माणूस बहुतेक वेळा फोनवर असतो आणि मी त्याला कमांड तोंडी सांगते. इथेही तशाच लिहिणार आहे. डॅश म्हणजे आडवी रेघ, डॉट म्हणजे टिंब, पाइप म्हणजे उभी रेघ. कॅपिटल असं वेगळं म्हटलं नसेल तर अक्षर स्मॉल. टाइप अर्थातच रोमन अक्षरांत करायचं.

टूल कुठलं, हे नंतर. मी आधी एवढंच विचारते: तू आत्ता कीबोर्डसमोर बसला आहेस का? "हो" आलं तर वर्महोल. "नाही, रात्री बघतो" आलं तर एज. दोघांचंही लॉगिन असलेला सर्व्हर असेल तर एससीपी किंवा आरसिंक, म्हणजे सर्व्हरवर फाइल नेणाऱ्या कमांड. एन्क्रिप्ट करायचं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असं करायचं काम टूल बघून घेतं. आपण बघायचं ते हे, की ज्या वाटेने कुलूप गेलं त्याच वाटेने किल्ली जात नाही ना.

वर्महोलपासून सुरू करते, कारण नवख्या माणसाला ते पाच मिनिटांत जमतं. पॅकेजचं नाव मॅजिक-डॅश-वर्महोल, कमांड नुसती वर्महोल. दोन्हीकडे इन्स्टॉल हवं. मी टाइप करते:

वर्महोल सेंड पगार डॉट सीएसव्ही

स्क्रीनवर एक कोड येतो: एक आकडा, मग दोन इंग्रजी शब्द, मध्ये डॅश. तो मी फोनवर वाचते. तिकडचा माणूस "वर्महोल रिसीव्ह" टाइप करतो, कोड विचारला की भरतो. शब्दाची सुरुवात टाइप करून टॅब दाबलं तर उरलेला शब्द आपोआप पूर्ण होतो, त्यामुळे स्पेलिंगची कटकट नाही. मग त्याला फाइलचं नाव आणि साइज दिसते, "घेऊ का?" असं विचारलं जातं, आणि "वाय" दाबलं की फाइल सुटते.

एवढ्याशा कोडवर भरवसा कसा ठेवायचा, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच हवा. दोन शब्दांच्या मिळून 65,536 जोड्या होतात. पासवर्ड म्हणून हा आकडा अगदीच किरकोळ. पण इथे कोड हा पासवर्ड नसतोच. त्या कोडच्या आधाराने दोन्ही बाजू आपसात एक लांबलचक, मजबूत किल्ली तयार करतात, आणि मध्ये घुसू पाहणाऱ्याला अंदाज लावायची एकच संधी मिळते. अंदाज चुकला की तो कोड बाद, आणि आपल्याला लगेच कळतं. तेव्हा जी एरर येते ती मला फार आवडते. ती सांगते की तुमच्यापैकी कुणीतरी कोड चुकीचा टाइप केला असेल, किंवा मध्ये बसलेल्या हल्लेखोराचा अंदाज चुकला असेल. पुन्हा प्रयत्न केलात तर समोरच्याला आणि हल्लेखोरालाही आणखी एक संधी मिळेल. एक-दोनदा चुकलं तर टायपिंगची चूक समजा. चारदा चुकलं तर थांबा.

ते शब्दही उगाच निवडलेले नाहीत. ही यादी पॅट्रिक जुओला आणि फिल झिमरमन यांनी 1995 मध्ये पीजीपी या एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोग्रामसाठी केली होती, फोनवर ऐकताना एका शब्दाचा दुसरा होऊ नये म्हणून. झिमरमन म्हणजे 1991 मध्ये पीजीपी आणणारे तेच. खरखरत्या लाइनवर मी आजवर शेकडो कोड सांगितले असतील. शब्द दोनदा उच्चारावा लागला असं क्वचितच झालं.

वर्महोलची अडचण अशी की दोघांनाही शेवटपर्यंत चालू राहावं लागतं. मध्येच नेट गेलं तर पहिल्यापासून. त्यामुळे चाळीस जीबीचा डंप मी त्यातून पाठवत नाही.

आता एज. ए-जी-ई. फिलिप्पो वॉलसोर्डा यांनी लिहिलेलं छोटंसं टूल आहे आणि ते आल्यापासून जीपीजीला (पीजीपीच्या मोफत भावंडाला) माझा हात क्वचित लागतो. जीपीजी वाईट नाही, पण ते फोनवर शिकवून पाहा. एजमध्ये सुरुवात फाइल घेणाऱ्याने करायची:

एज-डॅश-कीजेन, डॅश ओ, किल्ली डॉट टीएक्सटी

यातून एक फाइल तयार होते आणि स्क्रीनवर ए-जी-ई-1 ने सुरू होणारी 62 अक्षरांची एक ओळ दिसते. ती ओळ म्हणजे पब्लिक की, जिने फाइल बंद करता येते पण उघडता येत नाही. ती जगाला दिली तरी चालते. फाइलमध्ये मात्र दोन्ही असतात: वर शेरा म्हणून पब्लिक की, खाली कॅपिटल अक्षरांत सीक्रेट की, म्हणजे उघडायची किल्ली. गोंधळ होतो तो इथेच. मी एकाला म्हटलं, "तुझी की पाठव," आणि त्याने इमानेइतबारे किल्ली डॉट टीएक्सटी ही अख्खी फाइल मेलला जोडून पाठवली. सीक्रेट ओळीसकट. "पाठवली, बघ आली का!" आली होती, आणि त्याच क्षणी निकामी झाली होती. ती किल्ली फेकून दुसरी करायला लावली. तेव्हापासून मी "की" हा शब्दच तोंडातून काढत नाही. "ए-जी-ई-1 ने सुरू होणारी एकच ओळ पाठव" असं सांगते. ओळ हरवली असेल तर "एज-डॅश-कीजेन, डॅश वाय, किल्ली डॉट टीएक्सटी" म्हटलं की फक्त तीच छापली जाते.

ओळ मेलने किंवा चॅटवर आली तरी चालेल, पण ती त्याचीच आहे का हे फोन करून बघा. त्याला ती आपल्या स्क्रीनवरून वाचायला सांगा आणि आपल्याकडच्या ओळीशी ताडून पाहा. मधल्या कुणी ओळ बदलली असेल तर आपण मोठ्या निगुतीने एन्क्रिप्ट करून फाइल त्या मधल्याच्याच हातात देतो. पाठवायची कमांड अशी:

एज, डॅश आर, ती ओळ, डॅश ओ, डंप डॉट टार डॉट एज, आणि शेवटी डंप डॉट टार

डॅश आर कितीही वेळा देता येतो, प्रत्येक वेळी वेगळ्या माणसाची ओळ. त्यात एक स्वतःची द्या. मी दिली नव्हती. समोरच्याच्या ओळीने एन्क्रिप्ट केलं, मूळ फाइल शिस्तीत पुसली, आणि दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "अगं, माझी किल्लीच गेली, परत पाठव ना." परत काय पाठवणार? माझ्याकडेही बंद डबाच होता.

उघडताना: एज, डॅश डी, डॅश आय, किल्ली डॉट टीएक्सटी, डॅश ओ, डंप डॉट टार, मग डंप डॉट टार डॉट एज. फाइल वाटेत कुणी बदलली असेल तर एज ती उघडायला नकार देतं.

समोरच्याकडे एसएसएचची (सर्व्हरवर दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या टूलची) की आधीच असेल तर नवी करायची गरज नाही. त्याची डॉट पब फाइल (पब्लिक की तिच्यात असते) घ्या आणि कॅपिटल आर वापरा. स्मॉल आरपुढे ओळ, कॅपिटल आरपुढे फाइल. फोनवर हा फरक मी ओरडून सांगते.

अख्खं फोल्डर असेल तर आधी टार करून, म्हणजे सगळं एका फाइलीत बांधून, मग एन्क्रिप्ट केलं की मधली उघडी फाइल डिस्कवर पडून राहते. ती तयारच होऊ देऊ नका: टार, डॅश सीझेडएफ, मग नुसता एक डॅश, मग फोल्डरचं नाव, मग पाइप, मग एज, डॅश आर, ती ओळ, डॅश ओ आणि नव्या फाइलचं नाव. त्या नुसत्या डॅशचा अर्थ "फाइल बनवू नको, पुढे ढकल". आणि नाव बघा. आतलं कितीही झाकलं तरी "कर्मचारी-कपात-यादी डॉट टार डॉट एज" हे नावच सगळं सांगून जातं. मी नाव "अ-1" छापाचं देते.

किल्लीबिल्ली करायला समोरचा तयारच नसेल तर डॅश पी. पासफ्रेज (अनेक शब्दांचा पासवर्ड) विचारला की काही न लिहिता एंटर दाबा, एज स्वतःच दहा शब्दांचा देतं. फाइल मेलने, शब्द फोनवर. शब्द त्याच मेलच्या खाली लिहिणारे महाभाग मी पाहिले आहेत, त्यामुळे हे सांगते आहे.

सर्व्हरचं थोडक्यात. एसएसएच 1995 मध्ये आलं ते नेटवर्कवरून उघडे जाणारे पासवर्ड चोरले जात होते म्हणून. एससीपी त्याच वाटेने फाइल नेतं. मोठी किंवा अडखळत जाणारी फाइल असेल तर आरसिंक, डॅश एव्ही आणि जोडून कॅपिटल पी. तुटलं तर तीच कमांड पुन्हा द्यायची, अर्धवट आलेला भाग फुकट जात नाही. फोल्डरच्या नावाच्या शेवटी स्लॅश दिला तर आतला माल जातो, नाही दिला तर फोल्डरसकट.

पहिल्यांदा जोडताना सर्व्हर आपला फिंगरप्रिंट, म्हणजे स्वतःच्या किल्लीची छोटी खूण, दाखवतो आणि विचारतो, पुढे जाऊ? सगळे डोळे मिटून "येस" टाइप करतात. त्याऐवजी सर्व्हर सांभाळणाऱ्याकडून खरा फिंगरप्रिंट आधी मागवा आणि "येस"च्या जागी तोच पेस्ट करा. जुळला तरच पुढे जातं. नव्या ओपनएसएसएचमध्ये ही सोय आहे आणि ती कुणी वापरत नाही.

आणि एक लक्षात घ्या: एसएसएच फक्त वाट झाकतं. सर्व्हरवर पोचलेली फाइल तिथे उघडीच असते. रूटला, म्हणजे सर्व्हरच्या सर्वाधिकारी खात्याला, सगळं दिसतं. आमच्याकडे रूट मी आहे, म्हणून खात्रीने सांगते. नको असेल तर आधी एज, मग एससीपी.

झिप डॅश ई, म्हणजे पासवर्ड लावलेली झिप, करू नका. त्यातली जुनी पद्धत 1994 मध्येच मोडून दाखवली आहे, आणि आतल्या फाइलींची नावं तर पासवर्डशिवायही दिसतात. पासवर्ड कमांडच्या ओळीतच लिहू नका. तो टाइप केलेल्या कमांडच्या हिस्टरीत राहतो आणि त्याच मशिनवर पीएस (चालू प्रोग्रामची यादी दाखवणारी कमांड) मारणाऱ्याला दिसू शकतो. पायथनचा एचटीटीपी सर्व्हर घाईत फार सोयीचा वाटतो, पण तो ज्या फोल्डरमध्ये चालू कराल ते अख्खं नेटवर्कवर उघडं करतो. मी तो एकदा होम फोल्डरमध्ये उभी राहून चालू केला, सहकाऱ्याला एक फाइल दिली आणि तसाच ठेवून घरी गेले. सकाळी टर्मिनलमध्ये कुठल्याशा अनोळखी मशिनने रात्रभर मागितलेल्या पानांची यादी होती, आणि त्यात किल्ल्या ठेवायचं डॉट एसएसएच फोल्डर होतं. ती सकाळ मी सगळ्या किल्ल्या बदलण्यात घालवली.

शेवटी आवराआवर. काम सुरू करण्याआधी यूमास्क 077 करून घेतलं की नव्या फाइली इतरांना वाचता येत नाहीत. फाइल खोडून पुसणाऱ्या श्रेड कमांडवर विसंबू नका. एसएसडीवर जुना मजकूर दुसऱ्याच जागी उरू शकतो, त्यापेक्षा डिस्कच एन्क्रिप्ट केलेली बरी. आणि "मिळाली" एवढ्यावर मी माझ्याकडचं काही पुसत नाही. त्याला फाइल उघडायला लावते आणि शा-256-सम (फाइलचा ठसा काढणारी कमांड) चालवून 64 अक्षरं वाचायला सांगते. तो कंटाळतो, मधल्या सोळाला "पुरे ना?" म्हणतो. मी म्हणते, वाच.