गोल्फचे नियम खरंच पाठ आहेत का? प्रसंग तोच ठेवा, जागा बदला

नियमांची प्रश्नावली दोनदा सोडवली की उत्तरं तोंडपाठ होतात, आणि मैदानावर चेंडू जरा वेगळ्या जागी असला की पुन्हा गोंधळ उडतो. म्हणून स्वतःला एकच प्रसंग जागा बदलून विचारा. सरावाचा स्विंग घेताना क्लब (गोल्फची काठी) चुकून चेंडूला लागला, समजा.

१. टीवर (होलची सुरुवात होते ती जागा), पहिल्या फटक्याआधी: दंड नाही. चेंडू अजून खेळात आलेलाच नाही, पुन्हा टीवर ठेवा. २०१९ च्या मास्टर्स स्पर्धेत तेराव्या होलला अमेरिकी गोल्फपटू झॅक जॉन्सनचा चेंडू असाच उडून टी-मार्करवर (टीची हद्द दाखवणाऱ्या खुणेवर) आपटला. त्याचा एकही फटका वाढला नाही.

२. फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा): एक दंड फटका, चेंडू मूळ जागी.

३. ग्रीनवर (खड्ड्याभोवतीची गुळगुळीत हिरवळ): दंड नाही, पण चेंडू मूळ जागीच ठेवायचा.

उत्तर आधी कागदावर लिहा, मगच गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए या संस्थेच्या मोफत ॲपमध्ये ताडून पाहा. दंड किती आणि पुढचा फटका कुठून, दोन्ही लिहाच. बहुतेक जण पुढचा फटका कुठून यातच अडकतात, आणि स्ट्रोकप्लेत (एकूण फटके मोजून खेळतात त्या प्रकारात) चुकीच्या जागेवरून खेळण्याचा दंड दोन फटक्यांचा आहे. मित्रांबरोबर खेळत असाल तर पुढच्या टीची वाट बघताना एकमेकांना विचारा, जास्त लक्षात राहतं.

मात्र प्रश्नावली कोणत्या वर्षाची आहे ते बघून घ्या. २०१९ पासून चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं मिळतात, ड्रॉप (चेंडू हातातून खाली सोडणं) गुडघ्याच्या उंचीवरून करायचा असतो, आणि २०२३ मध्ये नियम पुन्हा सुधारले आहेत.