क्विल्टिंग ऑटोमॅटिक केलं, तरी गादीच्या पॅनेलला सुरकुत्या? या चुका टाळा

ओटीवर गादी पसरून बसलेला पिंजारी एका हाताने दाभण चालवायचा आणि दुसऱ्या हाताच्या तळव्याने कापूस सारखा करत जायचा. मल्टी-नीडल क्विल्टिंग मशीन आलं तेव्हा दाभणाचा हात मशीनने घेतला, पण चाचपणारा तळवा कुणाच्याच वाट्याला आला नाही. वर टिकिंगचं (गादीच्या खोळीचं) कापड, मध्ये फोम, खाली नॉन-वोव्हन (न विणता केलेलं कापड) असे पॅनेलचे तीन थर कित्येक डझन सुयांखालून एकदम सरकतात, आणि त्यातला एखादा थर ताणला गेलाय की ढिला पडलाय हे मशीनला आपणहून कळत नाही. म्हणून दोष सुईजवळ दिसला तरी पाना सुईला लावण्याआधी चार पावलं मागे, रोल स्टँडपाशी जावं.

एका कारखान्यात पाहिलेला प्रकार सांगतो. सकाळची पॅनेल झकास यायची आणि दुपारी तीननंतरच्या पॅनेलला बारीक सुरकुत्या पडायच्या. फिटरने सगळ्या सुयांचं थ्रेड टेन्शन (दोऱ्याचा ताण) ढिलं केलं आणि सुरकुत्या थोड्या कमी झाल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी नवा रोल लागला, तर टाके सैल पडून खालच्या बाजूला लोंबायला लागले. मग ऑपरेटरने पुन्हा टेन्शन घट्ट केलं. आठवडाभर हा खेळ चालला, दोऱ्याचा पुरवठादार बदलायची भाषाही झाली.

दोष दोऱ्यात नव्हताच. कापडाच्या रोलला साधा फ्रिक्शन ब्रेक होता. ब्रेकचा टॉर्क तोच राहतो, रोलची त्रिज्या मात्र कमी होत जाते, त्यामुळे कापडावरचा ताण वाढत जातो. 60 सेंमी व्यासाचा रोल 20 सेंमीवर आला की ताण तिप्पट. विणलेल्या जाड कापडाने हे एकवेळ सोसलं असतं. हल्ली गाद्यांना निटेड कापड असतं, ते बनियनसारखं ताणतं. ताणलेल्या अवस्थेत शिवलं जातं, मशीनबाहेर आल्यावर आखडतं, आणि खालचं नॉन-वोव्हन आखडत नसल्यामुळे सुरकुती पडते.

यावर खरा उपाय म्हणजे डान्सर रोलर (ताणानुसार वरखाली होणारा रूळ) किंवा लोड सेल (ताण मोजणारा सेन्सर) बसवून ताण बंद लूपमध्ये धरणं, म्हणजे मोजलेल्या ताणानुसार ब्रेक आपोआप कमी-जास्त करणं. तेवढं बजेट निघेपर्यंत रोल स्टँडवर तीन व्यासांच्या खुणा करा आणि प्रत्येक खुणेला ब्रेक किती सोडायचा ते लिहून ठेवा. फोमच्या रोलकडेही पाहा. चळतीत सगळ्यात खाली पडून चपटा झालेला रोल फिरताना हिसके देतो, आणि तोच हिसका नक्षीत लाट होऊन उतरतो.

माप चुकण्याचं मूळही बहुधा इथेच असतं. टाका फोम दाबतो, तसं पॅनेल लांबीत आणि रुंदीत आत ओढलं जातं. फोम जितका जाड आणि नक्षी जितकी दाट, तितकं जास्त. 12 मिमी फोमवर बसवलेलं माप 20 मिमी फोमला तसंच चालवलं की 78 इंची पॅनेल टेप-एजच्या (गादीच्या कडेला पट्टी शिवण्याच्या) टेबलावर अपुरं पडतं. तिथला कारीगर ते ओढून बसवतो आणि गादीचा कोपरा वाकतो. शिवी मात्र टेप-एजवाल्याला. कापड, फोम आणि नक्षी यांच्या प्रत्येक जोडीसाठी वेगळी रेसिपी (मशीनच्या सेटिंगचा संच) ठेवा. नवी रेसिपी ठरवताना पहिली काही पॅनेल कापून, थोडा वेळ मोकळी पडू देऊन मगच मोजा, दोन्ही कर्णांसकट. कर्णांत फरक आला तर कापड एका बाजूने जास्त ओढलं जातंय. एवढं करूनही लांबी हळूहळू सरकत असेल तर मोजणीचं चाक फोमच्या पृष्ठावर घसरतंय का ते बघा.

टाका सुटतो तेव्हा सगळ्यात जास्त घाई होते. आधी कुठे सुटतो ते पाहावं. एकाच सुईचा सुटत असेल तर ती सुई वाकलेली असेल, दोरा चुकीच्या वाटेने ओवलेला असेल किंवा त्या लूपरच्या (सुईच्या दोऱ्याचा फास खालून पकडणाऱ्या आकड्याच्या) टोकाला बुरशी आली असेल (फिटरच्या भाषेतली, म्हणजे धातूचा खरखरीत काठ). अख्ख्या नीडल बारचा (सुयांच्या एका रांगेचा) सुटत असेल तर टायमिंगकडे, म्हणजे सुई आणि लूपरच्या वेळेच्या मेळाकडे जा. सुटणं सगळीकडे विखुरलेलं असेल तर दोऱ्याचा लॉट, फोम आणि वेग यांचा संशय घ्या. आणि फक्त नक्षीच्या वळणावर सुटत असेल तर मशीनला हात न लावता त्या वळणावरचा वेग कमी करून बघा. आडव्या हालचालीत सुई किंचित वाकते आणि लूपरला फास सापडत नाही. काहीही करा, पण एका वेळी एकच गोष्ट बदला. सुई, टेन्शन आणि टायमिंग एकदम बदलून दोष गेला, तर कशाने गेला हे पुढच्या वेळी कोण सांगणार?

सुईचा नंबर बदलला की लूपरचं अंतर पुन्हा लावायचं, हे सर्रास विसरलं जातं. 110 नंबरची सुई 1.10 मिमी जाड, 140 ची 1.40 मिमी. म्हणजे एका बाजूला सुमारे 0.15 मिमीचा फरक. जाड सुई घातली तर लूपर तिला घासतो, बारीक घातली तर फास निसटतो. निटेड कापडाला बॉलपॉइंट सुईच लागते. धारदार टोकाने कापडाचे फास तुटतात, आणि ती भोकं गादी वापरात आल्यावर उसवत जातात. सिंथेटिक कापडावर सलग जास्त वेगाने चालवलं तर सुई तापून दोरा वितळतो. तुटलेल्या दोऱ्याच्या टोकाला कडक गोळी दिसली तर कारण हेच.

आता एक गुन्हा, जो जवळपास प्रत्येक लाइनवर घडतो. दोरा तुटल्याचा सेन्सर सारखा मशीन थांबवतो, म्हणून रात्रपाळीत तो बंद केला जातो. मोठ्या लाइनवर बहुतेक 401 प्रकारचा साखळी टाका असतो. खालचा दोरा मोठ्या कोनवरून येतो, त्यामुळे 301 लॉकस्टिचसारखं (घरच्या शिलाई मशीनच्या टाक्यासारखं) बॉबिन बदलायला थांबावं लागत नाही. पण साखळी टाक्याचं मोकळं टोक ओढलं की ओळच्या ओळ उसवते. सेन्सर बंद असताना निघालेला हा माल गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन उसवतो. सेन्सर खोटे थांबे देत असेल तर आधी त्यावर साचलेला कापसाचा आणि फोमचा भुगा पुसा, मग संवेदनशीलता तपासा.

प्लॅनिंगवाल्यांसाठीही थोडं. ब्रोशरमध्ये 1,000 आरपीएम (मिनिटाला 1,000 टाके) लिहिलंय म्हणून कुणी शिफ्टचं टार्गेट काढतो. 5 मिमीच्या टाक्याला ते मिनिटाला 5 मीटर शिलाई झाली, पुढे सरकलेलं पॅनेल नव्हे. नक्षी 45 अंशात चालली की पुढची चाल साडेतीन मीटरच उरते. त्यात ऑनलाइन ऑर्डरी आल्या तशा सोडल्या, म्हणजे 72×36 नंतर 78×72 आणि मध्येच दुसरं कापड, तर बराच वेळ रोल बदलण्यात जातो. आधी कापड आणि फोमनुसार, मग नक्षीनुसार गठ्ठे पाडा. कापडाचा जोड सुयांखाली येण्याआधी वेग कमी होईल अशी सोय करा, नाहीतर सुया मोडतील.

अमेरिकेला माल जात असेल तर 2007 पासून लागू असलेला 16 सीएफआर 1633 हा आगीचा नियम रेसिपीत बांधून टाका. चाचणीत पास झालेल्या नमुन्याचेच थर मालात हवेत. स्टोअरमध्ये अग्निरोधक थर संपला म्हणून साधं नॉन-वोव्हन चढवायची मुभा ऑपरेटरच्या स्क्रीनवर असूच नये.

पावसाळ्यात एअर रिसीव्हरचं (दाबाखालच्या हवेच्या टाकीचं) पाणी रोज सोडा. जूनमध्ये हवेवर चालणारा कटर अधूनमधून अर्ध्यातच अडकायला लागला की लोक पीएलसीचा (मशीनच्या कंट्रोलरचा) प्रोग्रॅम उघडून बसतात, आणि हवा सोडणारा सोलेनॉइड वाल्व उघडला की आतून पाणी निघतं.