प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवीचं दुखणं परत परत येतंय, डॉक्टरकडे जायच्या आधी काय तयारी करावी

ऑपरेशन होऊन बरेच महिने झालेत, धारही चांगली सुटलीय, पण मधेच काही दिवस लघवीला जळजळ नाहीतर कळ, मग आपोआप थांबतं, परत सुरू होतं, आणि दाखवायला जावं तर नेमकं त्या दिवशी काहीच होत नसतं. रिपोर्ट नॉर्मल म्हणून घरी पाठवतात. अशा वेळी माणूस स्वतःवरच शंका घ्यायला लागतो, ते कृपा करून करू नका. दुखणं खरं असतं, फक्त ते डॉक्टरसमोर येत नाही, म्हणून ते कागदावर पकडून न्यायचं, सगळी तयारी त्यासाठीच.

आधी एक बघून घ्या. थंडी वाजून ताप, लघवी अडकणं, रक्ताच्या गाठी पडणं, अंडकोष सुजून दुखणं, यातलं काही असेल तर ही यादी बाजूला ठेवा आणि आजच दवाखाना गाठा.

आता वही. निदान तीन दिवसांची नोंद ठेवा, त्यातले एक-दोन दिवस तरी दुखण्याचे असले तर उत्तम. बाथरूममध्ये एक मापाचं भांडं ठेवून द्या, दर वेळी किती वाजता झाली, किती मिली झाली, रात्री किती वेळा उठलात, काय आणि किती प्यायलात, हे लिहायचं. रात्री झोपेत लिहायचा कंटाळा येतो म्हणून पेन आणि वही तिथेच दोरीने टांगून ठेवा, सकाळी आठवून लिहिलेलं हमखास चुकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दुखतं कधी आणि कुठे ते नीट लिहा, नुसतं "जळजळ" लिहून भागत नाही. सुरू करतानाच चिरल्यासारखं होतं का, की शेवटचे थेंब येताना कळ येते, की लघवीची पिशवी भरली की ओटीपोटात दुखतं आणि रिकामी झाली की बरं वाटतं? लिंगाच्या टोकाशी दुखतं का? की लघवीशी फारसा संबंधच नाही, बराच वेळ बसलं की अंडकोष आणि गुदद्वाराच्या मधल्या जागी ठणकतं? हे शेवटचं असेल तर तिथले तळाचे स्नायू आखडलेले असू शकतात, ते सोनोग्राफीत दिसत नाही, लघवीच्या तपासणीत येत नाही आणि त्याला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, त्यासाठी वेगळी फिजिओथेरपी असते. पुरुषांमध्ये ही गोष्ट फार वेळा राहून जाते. संबंधानंतर, बद्धकोष्ठ झाल्यावर, चहा-कॉफी जास्त झाल्यावर वाढतं का तेही लिहा, लाजू नका, डॉक्टरला ते रोजचंच आहे.

लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीत कुठले जंतू वाढतात ते बघायची तपासणी, दुखत असतानाच द्यायचं, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी घ्यायच्या आधी. घरात उरलेल्या गोळ्या दोन दिवस घेतल्या की जंतू असले तरी कल्चरमध्ये येत नाहीत आणि मग कोडं आणखी अवघड होतं. जागा स्वच्छ धुवून, सुरुवातीची धार सोडून, मधली धार लॅबच्या निर्जंतुक डबीत घ्या आणि लगेच पोचवा, उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये ठेवा. दुर्बिणीतून ऑपरेशन झाल्यावर काही आठवडे, कधी काही महिनेसुद्धा लघवीत पस सेल (पू-पेशी) दिसतात, जंतू नसतानाही, म्हणून नुसत्या पस सेलवर घाबरू नका आणि कल्चरशिवाय अँटिबायोटिकचे कोर्सवर कोर्सही करू नका.

कागदांमध्ये डिस्चार्ज समरी हवीच, कारण टीयूआरपी (दुर्बिणीतून ग्रंथी आतून खरवडणं), लेझर आणि कॅन्सरसाठी पूर्ण ग्रंथी काढणं ही तिन्ही वेगळी ऑपरेशनं आहेत आणि नंतरची दुखणीही वेगळी असू शकतात. काढलेल्या तुकड्याचा बायोप्सी रिपोर्ट बऱ्याच घरी फाईलमध्ये नसतोच, तो मागून घ्या. लघवीसाठी घातलेली नळी (कॅथेटर) किती दिवस होती, परत घालावी लागली का, रेडिएशन झालंय का, पीएसएचे (प्रोस्टेटच्या रक्ततपासणीचे) आकडे तारखेसकट, आधीची सगळी कल्चर. सगळ्या गोळ्यांची यादी द्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या विसरू नका. सर्दीच्या काही गोळ्यांनी लघवी अडते, आणि शुगरच्या डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांनी लघवी वाढते आणि त्या जागी बुरशीचा संसर्ग होऊ शकतो, त्यामुळे ही माहिती खरंच कामाची आहे. पण स्वतःहून कुठलीच गोळी बंद करू नका.

जायच्या दिवशी पिशवी बऱ्यापैकी भरलेली असू द्या, कारण युरोफ्लो (धारेचा वेग मोजायची तपासणी) करायला सांगितलं तर साधारण 150 मिलीच्या वर लघवी झाली तरच आलेख भरवशाचा येतो. अगदी तुडुंब भरून कळ सोसत बसायचं नाही मात्र.

आणि प्रश्न लिहून न्या, तिथे गेल्यावर आठवत नाहीत. लघवीचा मार्ग किंवा पिशवीचं तोंड आकसलंय का? लघवी करून झाल्यावर मागे किती उरते? खडा आहे का? दुर्बिणीने आतून बघायची वेळ आलीय का? पिशवीच्या आतल्या अस्तराचा कॅन्सरही कधीकधी फक्त जळजळ म्हणून दिसतो, विशेषतः सिगारेट ओढलेली असेल तर, म्हणून लघवीतल्या पेशींची तपासणी लागेल का हे थेट विचारा. विचारल्याने कुणी रागवत नाही, आणि रागावलेच तर दुसरं मत घ्यायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

घरातल्या कुणालातरी सोबत न्या, लिहून घ्यायला. आणि निघण्याआधी कल्चरची एक चिठ्ठी आगाऊ मागून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी दुखणं सुरू झालं की अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच सकाळी लॅबमध्ये सॅम्पल देता येईल.